‘आत्ताच का?’ हे विचारायला घाबरू नका : बाळंतपणाबद्दल वाचकांचे प्रश्न

नॉर्मल की सिझर, या एका प्रश्नाभोवती या वेळची बहुतेक पत्रं आहेत. त्यातली चार निवडली आहेत.

प्रश्न (तासगाव) : माझी लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली आहे. ३८ वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा एक वेढा आणि पाणी थोडं कमी असं आलंय. सगळे म्हणतात, आता सिझरच. खरं का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवस भरलेल्या साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती वेढा असतो. पोटातलं बाळ गळ्यातून श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू नाळेतल्या रक्तातून मिळतो. म्हणून वेढा म्हणजे फास नव्हे. नाळ दाबली जाऊन तिच्यातलं रक्त अडलं तरच अडचण येते, आणि ती बाळाच्या ठोक्यांवरून कळते. सैल वेढा डोकं बाहेर आल्यावर सिस्टर बोटाने अलगद काढतात. नुसत्या वेढ्यासाठी सिझर करायचं कारण नाही.

पाण्याचं मात्र नीट बघायला हवं. रिपोर्टवर ‘एएफआय’चा, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी किती ते सांगणारा आकडा असतो. तो ५ सें.मी.पर्यंत किंवा त्याखाली असेल, किंवा पाण्याच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची खोली २ सें.मी.पेक्षा कमी असेल, तर पाणी खरोखर कमी. ६-७ असेल तर ते काठावर आहे, घाबरण्यासारखं नाही. खरोखर कमी असेल तर डॉक्टरांना विचारा : पाणी गळतंय का, बाळाची वाढ बरोबर आहे का, डॉप्लर (नाळेतल्या रक्तप्रवाहाची तपासणी) कसा आहे, लेकीचं बीपी किती? हे ठीक असेल तर बहुतेकदा कळा सुरू करून नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. नाळेभोवतीची पाण्याची गादी पातळ असल्यामुळे कळांमध्ये ठोके जास्त बारकाईने बघावे लागतात, एवढंच. तोवर रोज जेवणानंतर तिला डाव्या कुशीवर झोपून बाळाची हालचाल मोजायला सांगा. दोन तासांत दहा वेळा जाणवली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न (पाटण तालुका) : पहिलं सिझर होऊन तीन वर्षं झाली. दुसरं नॉर्मल होईल का? आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येईल का?

नॉर्मल होऊ शकेल. आरोग्य केंद्रात नको.

एका सिझरनंतर प्रयत्न करणाऱ्या शंभर जणींपैकी साधारण ६० ते ८० जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. तुम्ही त्यांच्यात बसता का, हे ठरवायला जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. गर्भपिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा होता का, हे त्यात लिहिलेलं असतं. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून आतलाही आडवाच, असं समजू नका. आतला छेद वर, उभा असेल तर पुन्हा सिझरच बरं. पहिलं सिझर कशासाठी झालं, तेही कार्डावर मिळेल. बाळ पायाळू होतं किंवा ठोके घसरले होते, तर तेच कारण पुन्हा येईल असं नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकलं नव्हतं, तर शक्यता कमी होते. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाका उसवण्याचा धोका वाढतो. तुमचं अंतर चांगलं आहे. आणि वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यावर आलेली नाही ना, हे सोनोग्राफीत पक्कं करून घ्या. ती तिथे चिकटली असेल तर नॉर्मलचा विचार सोडून, भरपूर रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जायचं.

आता आरोग्य केंद्र का नको ते. कळांमध्ये जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एकीला, म्हणजे थोडा आहे. पण उसवला तर बाळाचे ठोके एकदम घसरतात, दोन कळांच्या मध्येही पोट दुखत राहतं, आणि बाळ काही मिनिटांत बाहेर काढावं लागतं. त्यासाठी ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास हाताशी हवं. पावसाळ्यात कोयना खोऱ्यातून निघून ती मिनिटं गाठता येणार नाहीत. ३६ व्या आठवड्यापर्यंत कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा, आणि ३८ वा लागला की रुग्णालयाजवळच्या पाहुण्यांकडे राहायला जा. आधीचं सिझर पहिल्या भेटीतच सांगा. कळा आणायची मिसोप्रोस्टॉलची गोळी तुम्हाला चालत नाही, तिने टाका उसवण्याचा धोका वाढतो.

प्रश्न (विटा) : माझ्या जावेला दाखल केल्याकेल्या कळांचं सलाईन लावलं, पोटावर जोर देऊन बाळ ढकललं, खाली कापून टाके घातले. हे सगळं लागतंच का? माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे.

नाही. एकेक बघू.

पिशवीचं तोंड ५ सें.मी. उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीला खूप लांबू शकतो, आणि आई-बाळ ठीक असतील तर तो लांबू द्यावा. ५ सें.मी.नंतर पहिल्या खेपेला साधारण १२ तासांपर्यंत, पुढच्या खेपेला १० तासांपर्यंत वेळ लागतो. दर तासाला एक सें.मी. उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाजूला ठेवला. घाईचं बरंचसं मूळ त्या हिशोबात आहे.

कळा खरंच मंदावल्या, तर ऑक्सिटोसिनचं सलाईन चांगलं औषध आहे. ते थेंब मोजून, हळूहळू वाढवत द्यायचं असतं. कळ आली की वारेकडे जाणारं रक्त अडतं. मधल्या विसाव्यात बाळ पुन्हा प्राणवायू भरून घेतं. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा आल्या की तो विसावाच उरत नाही आणि ठोके घसरतात. मग सलाईन बंद करावं लागतं. म्हणून सलाईन चालू असताना कोणीतरी शेजारी बसून कळा आणि ठोके मोजायला हवेत. बाळ बाहेर येण्याआधी हेच इंजेक्शन दंडात किंवा मांडीत टोचून घेऊ नका. एकदा गेलं की परत काढता येत नाही. मात्र बाळ आल्यावर मांडीत देतात ते १० युनिटचं इंजेक्शन नाकारू नका. अंगावरून जास्त रक्त जाणं त्याने टळतं, आणि बाळंतिणीचा जीव सर्वांत जास्त त्या रक्तानेच जातो.

पोटावर जोर देऊन ढकलणं चूकच. त्याने आईला इजा होऊ शकते. खालचा छेदही सरसकट नको. ठोके घसरलेत आणि बाळ लगेच काढायचंय, किंवा चिमटा लावायचाय, तेव्हा तो घेतात, आणि तोही भूल देऊनच. कळांमध्ये चालायला, कुशीवर किंवा उकिडवं बसायला, पाणी-सरबत प्यायला सहसा हरकत नसते. सोबतीला आई, सासूबाई किंवा जाऊ आत राहू शकते का, हे आजच विचारून ठेवा. आणि कुठल्याही उपायाच्या वेळी सोबतिणीने शांतपणे दोन प्रश्न विचारावेत : “आत्ताच का? तासभर थांबलो तर काय होईल?” ठोके घसरत असतील तर डॉक्टर लगेच सांगतील, मग वाद घालू नका.

प्रश्न (जत) : वस्तीवरून सांगलीला पोचायला खूप वेळ लागतो. कधी निघायचं? सासूबाई म्हणतात, एरंडेल घेतलं की पटकन मोकळी होशील.

एरंडेलाने जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि ऐन कळांमध्ये थकवा येतो. सासूबाईंना तसं समजावून सांगा.

शहरातल्या बाईला आम्ही पाच-पाच मिनिटांनी कळा यायला लागल्या की निघायला सांगतो. तुम्ही कळा दहा-दहा मिनिटांवर आल्या की निघा, दुसरी खेप असेल तर त्याआधीच. साधं बाळंतपण असेल तर आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढे पाठवायची वेळ आली तर तिथून गाडी मिळते. पाणी फुटलं, त्यातही हिरवट आलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता १०८ ला फोन करा. पाणी फुटल्यावर नाळ बाहेर दिसली तर गुडघे आणि कोपरांवर पालथं होऊन कंबर उंच ठेवायची, आणि गाडीत डाव्या कुशीवर, कंबरेखाली उशी घेऊन जायचं.

सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत. औषधं, रक्त, जेवण आणि वाहनसुद्धा. पिशवीत फाईल, रक्तगट आणि हिमोग्लोबिनचा शेवटचा रिपोर्ट ठेवा. गाडीत आशाताईंना बरोबर घ्या. रस्त्यातच बाळ आलं तर ते कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून झाकायचं आणि नाळ ओढायची नाही.