सवलत 2032 पर्यंत होती ना?

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी न्यू जर्सीला असते. घरावर सोलर बसवायचं दोन वर्षं नुसतं चाललंय, विचारलं की म्हणायची आई घाई नाही, 30 टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चाच्या 30 टक्के करातून वजा, 2032 पर्यंत आहे. आता म्हणते ते 2025 च्या डिसेंबरलाच बंद झालं. अहो कायदा केलेला ना, मग असा मधेच कसा गुंडाळला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ज्या दाराने आत आला त्याच दाराने बाहेर काढला. तिथल्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, 100 जण, पण नेहमीचं बिल अडवून धरायला 41 पुरतात, म्हणजे पुढे न्यायचं तर 60 पाहिजेत आणि 60 काही जमत नाहीत. 2009 ला कार्बनवर मर्यादा घालणारं बिल खालच्या सभागृहात 219 विरुद्ध 212 ने कसंबसं निघालं, सिनेटमध्ये मतदानाला आलंच नाही. पुढच्या वर्षी कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियातून जो मँचिन सिनेटला उभे राहिले, त्यांनी तर प्रचाराच्या जाहिरातीत बंदूक घेऊन त्या बिलाच्या कागदाला गोळीच घातली! आणि हे डेमोक्रॅट बरं का, बिल आणणाऱ्यांच्याच पक्षाचे.

मग पळवाट निघाली. बजेटच्या बिलाला साधं बहुमत चालतं, फक्त मजकूर कर आणि खर्चाचा हवा. म्हणून 2022 च्या हवामानाच्या कायद्यात सक्ती फारशी नाही, सवलतीच सवलती, तुमच्या मुलीचे 2032 पर्यंतचे 30 टक्केही त्यातलेच, आणि नाव काय तर 'इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट', महागाईचं! मँचिननी महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं, बरंच छाटून घेतलं, मग मत दिलं. 50-50 झालं, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने पास.

जुलै 2025 ला ट्रम्प यांचं बिल आलं, तीच बजेटची वाट, परत 50-50, फक्त उपाध्यक्षांच्या खुर्चीत आता व्हान्स. इलेक्ट्रिक गाडीवरच्या सवलतीचे 7500 डॉलर सप्टेंबरअखेर गेले, तुमच्या मुलीचे 30 टक्के डिसेंबरअखेर.

मला गंमत वाटते ती वेगळीच, जॉर्जियातल्या डाल्टनला सोलर पॅनेलचा मोठा कारखाना आहे, मतदारसंघ पक्का रिपब्लिकन. 2024 ला 18 रिपब्लिकन खासदारांनी पत्रच दिलेलं की सवलती सरसकट काढू नका, आमच्याकडे कारखाने आलेत. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यातले निवडणुकीनंतर उरलेले जवळजवळ सगळे पक्षाबरोबर.

न्यू जर्सी राज्याची स्वतःची योजना मात्र वेगळी आहे, पॅनेलने केलेल्या विजेवर पैसे मिळतात. मुलीला म्हणावं ते तरी आत्ताच बघून घे, परत 'घाई नाही' नको.