दशांश दिला म्हणजे दोषी?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न अमेरिकेतले मॉर्मन लोक, त्यांचं चर्च (‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लेटर-डे सेंट्स’, मुख्यालय यूटातल्या सॉल्ट लेक सिटीत) आणि समलिंगी माणसं यांच्याभोवती फिरणारे होते. म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी यूटामध्ये नोकरी करतो. कार्यालयातली निम्मी माणसं मॉर्मन आहेत आणि वागायला अतिशय चांगली आहेत. माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे. तो आणि त्याचा नवरा लवकरच इकडे राहायला येतायत. ज्या चर्चने समलिंगी विवाहाविरुद्ध इतकी ताकद लावली, त्याच्या माणसांवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : चर्चच्या खात्यावर काय जमा आहे ते आधी पाहू. ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. १९९०च्या दशकात हवाईपासून हे चर्च समलिंगी विवाहाविरुद्ध राजकारणात उतरलं. २००८च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या मंडळ्यांमध्ये सॉल्ट लेक सिटीहून आलेलं पत्र वाचून दाखवलं गेलं : प्रपोझिशन ८ (कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालण्याचा, लोकांच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव) मंजूर व्हावं म्हणून आपला वेळ आणि पैसा द्या. नोव्हेंबरमध्ये ते सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झालं. नोव्हेंबर २०१५मध्ये चर्चने समलिंगी विवाह करणाऱ्या सदस्याला धर्मत्यागी ठरवलं आणि अशा जोडप्यांच्या मुलांना १८ वर्षांचे होईपर्यंत बाप्तिस्मा देऊ नये असा नियम केला. तो नियम एप्रिल २०१९मध्ये मागे घेतला, पण मधल्या साडेतीन वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलं.

हे सगळं ठरवलं कोणी? वर बसलेल्या पंधरा पुरुषांनी. तिघांचं अध्यक्षमंडळ आणि बारा प्रेषित. सदस्य सभेत हात वर करून नेत्यांना पाठिंबा देतात खरा, पण ते मतदान नव्हे. हात वर न केल्याने धोरण बदलत नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं.

शिवाय ‘मॉर्मन’ या एका शब्दात बऱ्याच पायऱ्या दडलेल्या आहेत. आठव्या वर्षी बाप्तिस्मा झाला की नाव यादीत चढतं आणि स्वतः अर्ज करून कमी करून घेईपर्यंत तिथेच राहतं. वीस वर्षं चर्चचं तोंड न पाहिलेला माणूसही त्या मोजणीत असतो. त्याच्या वर रविवारी नेमाने जाणारे. त्यांच्या वर उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे ‘दशांश’, चर्चला देणारे. त्यांच्या वर ज्यांच्याकडे मंदिरप्रवेशाचं शिफारसपत्र आहे असे. ते दोन वर्षं चालतं आणि त्यासाठी आधी स्थानिक मंडळीच्या, म्हणजे ‘वॉर्ड’च्या, पातळीवर आणि मग अनेक वॉर्ड मिळून होणाऱ्या ‘स्टेक’च्या पातळीवर मुलाखत द्यावी लागते. मग स्वतः बिशप. बिशपला पगार नसतो. तो दिवसा दंतवैद्य असू शकतो किंवा हिशेबनीस, आणि साधारण पाच वर्षांनी पायउतार होतो. मात्र एखाद्या समलिंगी मुलावर शिस्तभंगाची कारवाई करायची की त्याला जवळ घ्यायचं, यात त्याच्या हातात खरोखरच बरंच काही असतं. म्हणून माजी बिशपकडून जास्त खुलाशाची अपेक्षा ठेवणं रास्त आहे. यादीतल्या नुसत्या नावाकडून नाही.

एकाच चर्चमधून सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड आले आणि रिपब्लिकन मिट रॉम्नीही. अमेरिकन फुटबॉलपटू स्टीव्ह यंग हे चर्चचे दुसरे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांचे थेट वंशज. २००८मध्ये त्यांच्या पत्नीने प्रपोझिशन ८च्या विरोधात पैसे दिले आणि घरासमोर फलकही लावले. समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असं म्हणणाऱ्या अमेरिकी मॉर्मनांचं प्रमाण प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत २००७मध्ये २४ टक्के होतं, २०१४मध्ये ३६ टक्के. म्हणजे त्या वेळी बहुतेक जण तुमच्या भावाच्या बाजूचे नव्हते, आणि तरी तिघांतला एक होता. तुमच्या समोरचा कुठला, हे आकड्यावरून कळणार नाही.

प्रश्न : ठीक आहे, पण तो दर महिन्याला दहा टक्के देतो ना? मग त्याचाच पैसा आमच्याविरुद्ध वापरला गेला असं का म्हणू नये?

उत्तर : दशांश आणि प्रचाराचा पैसा या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि लोक नेमके तिथेच घसरतात. दशांश सॉल्ट लेक सिटीला जातो. त्याचं काय करायचं हे देणारा ठरवत नाही. १९५९नंतर चर्चने अमेरिकेतला आपला तपशीलवार जमाखर्च प्रसिद्ध करणंही बंद केलं. प्रपोझिशन ८साठी चर्चने स्वतःच्या नावावर दाखवलेला खर्च सुमारे १ लाख ९० हजार डॉलरचा होता, तोही मुख्यतः प्रवास, कर्मचाऱ्यांचा वेळ असा वस्तुरूपाने. त्यातला काही भाग वेळेत जाहीर केला नाही म्हणून २०१०मध्ये ५,५३९ डॉलर दंड झाला. (हा दंड भरताना कोणाची झोप उडाली असेल असं वाटत नाही.) मोठी रक्कम आली ती सदस्यांनी स्वतःच्या खिशातून थेट मोहिमेला दिलेल्या देणग्यांतून.

या देणग्या मात्र तपासता येतात. कॅलिफोर्नियात १०० डॉलर आणि त्याहून मोठ्या देणगीदाराचं नाव, गाव, व्यवसाय, मालक आणि रक्कम जाहीर करावी लागते. राज्याच्या निवडणूक-खर्चाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतं. शोधणार असाल तर चार गोष्टी नीट पाहा. नावासोबत गाव आणि व्यवसायही जुळतो का, कारण एका नावाचे दहा जण निघतात. देणगी कोणत्या समितीला आहे, कारण इथे ‘हो’ म्हणणारी बाजू समलिंगी विवाहाला ‘नाही’ म्हणत होती आणि भल्याभल्यांचा गोंधळ झाला होता. मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव दिसलं म्हणजे कंपनीने पैसे दिले असं नव्हे. आणि नाव सापडलं नाही म्हणजे माणूस निर्दोष ठरला असंही नव्हे, कारण ९० डॉलर देणारा किंवा महिनाभर दारोदार फिरणारा या यादीत येत नाही.

यादी हाती आल्यावर काय बिघडतं तेही २००८मध्ये दिसलं. लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटच्या व्यवस्थापिकेने वैयक्तिक १०० डॉलर दिले होते. बहिष्कार पडला तो सगळ्या रेस्टॉरंटवर, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत समलिंगीही होते. राग योग्य होता, पण पत्ता चुकला.

आता दशांशाविषयी आमचं मत. तो कर नाही, कारण पोलीस घरी येत नाहीत. पण निव्वळ ऐच्छिक वर्गणीही नाही. पूर्ण दशांश दिला नाही तर मंदिराचं शिफारसपत्र मिळत नाही, आणि ते नसेल तर सख्ख्या आईलाही मुलीचं मंदिरातलं लग्न पाहता येत नाही, ती बाहेर बसते. असा दाब असताना दिलेल्या पैशाला राजकीय मत समजणं चूक आहे. उलट, कोणीही न सांगता, पत्राच्या पलीकडे जाऊन ज्याने हजार डॉलरचा चेक फाडला, त्याला त्याबद्दल विचारायला काहीच हरकत नाही. ती त्याची स्वतःची कृती आहे.

प्रश्न : विचारायचं म्हणजे नेमकं कसं? विषय काढला की सगळे ‘आमचं सर्वांवर प्रेम आहे’ एवढंच म्हणतात.

उत्तर : कारण तुम्ही धोरणाबद्दल विचारता. शिफारसपत्राच्या मुलाखतीत ‘चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींना तुम्ही पाठिंबा देता का’ अशा आशयाचा प्रश्न असतो. जेवणाच्या सुटीत, त्याच वॉर्डातल्या दोघांसमोर, मनातलं बोलणं त्याला महाग पडू शकतं. २०१५मध्ये प्रेषित टॉड क्रिस्टॉफरसन यांनी मुलाखतीत सांगितलं की, समलिंगी विवाहाला पाठिंबा व्यक्त केल्याने सदस्यत्व आपोआप धोक्यात येत नाही, चर्चवर हल्ला चढवला तर येतं. तरी प्रत्यक्षात बिशप कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं.

तेव्हा एकटा असताना गाठा आणि ठोस प्रसंग पुढे ठेवा. ‘शनिवारी माझा भाऊ आणि त्याचा नवरा जेवायला आहेत. तुम्ही मुलांना घेऊन या.’ बस्स. येतो का, मुलांना आणतो का, भावाच्या नवऱ्याला ‘मित्र’ म्हणतो की ‘नवरा’, हे पाहा. शनिवार मुद्दाम सांगितला, कारण रविवार चर्चचा आणि सोमवारची संध्याकाळ बऱ्याच मॉर्मन घरांत कुटुंबासाठी राखलेली असते. दारू, चहा, कॉफी पुढे करू नका, त्यांच्या धर्मात ती वर्ज्य आहेत. एकदा नाही म्हणाला तर पुन्हा बोलवा. दुसऱ्यांदाही कारण न देता टाळलं तर उत्तर मिळालं असं समजा.

घर आणि नोकरीचा विषयही काढता येतो. मार्च २०१५मध्ये यूटाने या दोन्ही बाबतींत समलिंगींशी भेदभाव करण्यावर बंदी घातली आणि त्या कायद्याला चर्चचा पाठिंबा होता. म्हणजे ‘माझा धर्म आडवा येतो’ ही सबब इथे चालत नाही. मंदिरातले विधी, त्यांचे आत घालायचे धार्मिक कपडे आणि बहुपत्नीत्व हे तीन विषय मात्र सोडा. चर्चने बहुपत्नीत्व सोडायचं १८९०मध्येच जाहीर केलं. (विवाहाच्या व्याख्येपायी संघराज्य सरकारने ज्या चर्चची मालमत्ता जप्त केली, त्यानेच पुढे दुसऱ्यांच्या विवाहाची व्याख्या हाती घ्यावी, हा इतिहासाचा विनोद आहे. तो जेवताना सांगू नका.)

प्रश्न : २०२२मध्ये चर्चने समलिंगी विवाहाला संरक्षण देणाऱ्या संघराज्य कायद्याला पाठिंबा दिला. मग वाद मिटला ना?

उत्तर : नाही. धार्मिक संस्थांना त्यात सवलती होत्या म्हणून पाठिंबा दिला, आणि आपली शिकवण बदललेली नाही हे त्याच निवेदनात स्पष्ट केलं. ऑगस्ट २०२४मध्ये ट्रान्सजेंडर सदस्यांवरचे निर्बंध वाढलेच.

प्रश्न : माझ्या हाताखालच्या एका समलिंगी कर्मचाऱ्याने सांगितलं, ‘मला मॉर्मन सहकाऱ्याच्या गटात टाकू नका.’ काय करू?

उत्तर : सहकाऱ्याने काय केलं, ते विचारा. तारीख, शब्द, साक्षीदार लिहून घ्या. काही केलेलं असेल तर ती रीतसर तक्रार आहे आणि ती मनुष्यबळ विभागाकडे जायला हवी. काही केलेलं नसेल आणि कारण फक्त धर्म असेल, तर त्यावरून गट बदलू नका. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना लागू आहे. त्यात धर्म पहिल्यापासून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२०च्या बोस्टॉक निकालाने लैंगिक कलही त्यात आला. दोघांनाही एकच कलम राखतं. उलट बाजूने, मॉर्मन कर्मचारी इंद्रधनुषी बिल्ला लावायला नको म्हणाला तर सक्ती करू नका, पण सहकाऱ्याच्या नवऱ्याचा उल्लेख झाला की उठून जाणं खपवूनही घेऊ नका. बिल्ला न लावल्याने कोणाचं काम अडत नाही, उठून गेल्याने अडतं.

प्रश्न : ब्रिगहॅम यंग विद्यापीठातला एक समलिंगी विद्यार्थी माहितीतला आहे. तो चर्चची बाजू घेऊन बोलतो. हे ढोंग नाही का?

उत्तर : त्याला पदवीपर्यंत वेळ द्या. चर्चच्याच मालकीच्या त्या विद्यापीठात शिक्षण चालू ठेवायला दरवर्षी धर्मगुरूची शिफारस लागते. समलिंगी असणं हा आचारसंहितेचा भंग नाही, पण समलिंगी प्रेमसंबंध ठेवणं हा आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये संहितेतून समलैंगिक वर्तनावरचं कलम गेलं, काही विद्यार्थ्यांनी उघडपणे आनंद साजरा केला, आणि मार्चच्या सुरुवातीला पत्र आलं की मनाई कायम आहे. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ज्यांनी घरी सांगून टाकलं, त्यांचं काय झालं असेल ते तो जाणून आहे. शिफारस गेली तर पदवी अर्धवट राहते. त्याच्यासमोर वाद घालू नका आणि त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नका.

प्रश्न : ‘मॉर्मन’ म्हटलेलं त्यांना चालतं का?

उत्तर : २०१८मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हा शब्द वापरू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं आवाहन केलं. प्रश्नांत तो आला म्हणून इथे वापरला. समोरासमोर ‘लेटर-डे सेंट’ म्हणा, किंवा नुसतं नाव घ्या.