‘मय संस्कृती’ की ‘माया संस्कृती’?

प्रश्न असा आला आहे: मध्य अमेरिकेतल्या प्राचीन लोकांना मराठीत कुणी ‘मय’ म्हणतं, कुणी ‘माया’. ‘मय’ लिहिणारे सांगतात की हे लोक मयासुराचे वंशज, आणि नावातच त्याचा पुरावा आहे. मग बरोबर रूप कोणतं?

‘माया’ लिहावं. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावर आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. तिला ते ‘माया तान’ म्हणतात. ‘तान’ म्हणजे बोलणं. पहिल्या अक्षरातला ‘आ’ चांगला लांब आहे, त्यामुळे नुसत्या उच्चाराने पाहिलं तरी ‘मय’ टिकत नाही.

पण प्रश्न ऱ्हस्वदीर्घाचा नाही. ‘मय’ लिहिलं की सिद्ध करायची गोष्ट आपण आधीच गृहीत धरलेली असते. आणि तिची ओढ का वाटते, ते मला कळतं. खांडववनाच्या आगीतून अर्जुनाने वाचवलेला मय, त्याने पांडवांसाठी बांधलेली सभा, पाणी आणि जमीन यांत फसलेला दुर्योधन हे सगळं आपल्या इतकं ओळखीचं आहे की ‘मयसभा’ हा मराठीत रोजच्या वापरातला शब्द झाला. त्रिपुरंही मयाचीच. सूर्यसिद्धान्तातलं ज्योतिषही मयालाच सांगितलेलं. इकडे हा शिल्पी आणि ज्योतिषी, तिकडे पिरॅमिड आणि पंचांग यांसाठी नावाजलेले लोक, आणि दोघांच्या नावात जेमतेम दोन मात्रांचा फरक. मोह पडणारच.

आता त्या नावाचा इतिहास पाहा. तिकाल, पालेंके ही त्यांची भव्य नगरं इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात भरभराटीला आली, आणि शिलालेखांत त्यांची जुनी नावं मिळतात: तिकाल म्हणजे ‘मुतुल’, पालेंके म्हणजे ‘लाकामहा’, अर्थात मोठं पाणी. या सगळ्या नगरांना एकत्र बांधणारं ‘माया’ हे नाव तेव्हा कुणी वापरत होतं, असं लेखांतून दिसत नाही. ते युकातानमधलं स्थानिक नाव आहे. तिथल्या मायापान या नगराशी त्याचा संबंध जोडतात, आणि हे नगर पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच नांदलं. ग्वातेमालातले किचे किंवा काकचिकेल लोक स्वतःला याच नावाने ओळखत नव्हते. एकमेकींशी नातं असलेल्या तीसेक भाषांच्या कुटुंबाला हे नाव अभ्यासकांनी पुढे सोयीसाठी दिलं. ज्यांनी ते पिरॅमिड बांधले त्यांच्या तोंडी हे नाव असल्याचा पुरावाच नाही; मग त्यावरून त्यांचा मूळपुरुष कसा ठरवायचा?

नात्याची खरी परीक्षा रोजच्या साध्या शब्दांत होते, आणि त्यातही आकड्यांत. युकातानची माया भाषा एक ते पाच असे मोजते: हुन, का, ओश, कान, हो. आता बाल्टिक समुद्राकाठची लिथुआनियन ऐका: व्हिएनस, दु, त्रिस, केतुरी, पेंकी. ‘त्रि’ आणि ‘पंच’ कानाला लगेच ओळखू येतात. हजारो वर्षांच्या ताटातुटीनंतरही खरं नातं असं उरतं. माया आकड्यांत संस्कृतची सावलीसुद्धा नाही.

एकटादुकटा शब्द मात्र कुठेही जुळतो. मेक्सिकोच्या नावात्ल भाषेत देवाला ‘तेओत्ल’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘थेओस’, आणि दोन्हींचा काडीचा संबंध नाही. इतकंच काय, ‘थेओस’ आणि आपला ‘देव’ हेही वेगवेगळ्या धातूंपासूनचे.

‘पाताळ म्हणजे अमेरिका’ हा दावाही याच जातीचा. दयानंद सरस्वतींनीही अर्जुनाची बायको, नागकन्या उलूपी हिला अमेरिकेच्या राजाची मुलगी मानलं. महाभारत वाचलं तर उलूपी अर्जुनाला गंगाद्वाराजवळ, गंगेच्या पात्रातून ओढून नागलोकात नेते. पाताळ पायाखाली आणि अमेरिका पृथ्वीगोलाच्या पलीकडच्या बाजूला, एवढ्यावर हे समीकरण उभं आहे.

मग माणूस अमेरिकेत पोचला कसा? सायबेरियातून, हिमयुगात समुद्र खाली गेल्यामुळे उघड्या पडलेल्या बेरिंजिया या भूभागावरून. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समधली माणसांची पावलं सुमारे 21 ते 23 हजार वर्षांपूर्वीची आहेत, असं 2021 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. त्या काळी संस्कृत तर सोडाच, संस्कृतची पणजीही जन्मली नव्हती.

कोलंबसाआधी अमेरिकेशी कुणाचाच संपर्क नव्हता, असं मात्र मी म्हणत नाही. शब्दानेच साक्ष दिलेलं एक उदाहरण आहे, आणि मला ते फार आवडतं: रताळं. ते मूळचं अमेरिकेतलं. अँडीज पर्वतातल्या केचुआच्या काही बोलींत त्याला ‘कुमर’सारखं नाव आहे. प्रशांत महासागर ओलांडून न्यूझीलंडला गेलं तर माओरी त्याला ‘कुमारा’ म्हणतात, आणि ईस्टर बेटावरही ‘कुमारा’च. कुक बेटांतल्या मंगाइआवर रताळ्याचे जळके अवशेष मिळाले, तेही कोलंबसाच्या कितीतरी आधीचे. 2020 साली जनुकांच्या अभ्यासातून पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकी लोकांची गाठ 1200 सालाच्या सुमारास पडल्याचं दिसलं. रताळ्याचं बी समुद्रातून वाहत गेलं असेल, असं काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. बी जाईलही, पण नाव वाहत जात नाही. ते द्यायला आणि घ्यायला माणसं समोरासमोर यावी लागतात.

आपल्याकडेही तेच घडलं. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे ब्राझीलच्या तुपी लोकांचे शब्द; पोर्तुगिजांबरोबर ते गोव्यात उतरले आणि मराठीत स्थिरावले. रताळं आलं तेव्हा मात्र आपण त्याचं परकं नाव घेतलं नाही, संस्कृत ‘रक्तालु’ त्याला चिकटवलं. सीताफळाचंही तसंच: झाड अमेरिकेचं, नाव सीतेचं. त्या नावावरून कुणी सीतेला मेक्सिकोला नेलं, तर आपण मानू का?

लिहिताना ‘माया लोक’, ‘माया लिपी’, ‘मायांची नगरं’ असं लिहावं. ‘मायन’मधला ‘न’ इंग्रजी विशेषणाचा आहे, मराठीत त्याची गरज नाही. आईच्या मायेशी गोंधळ होईल ही भीतीही नको: तिची ‘मायेची’ होते, यांची ‘मायांची’.