गुळाच्या ड्रममध्ये मायकोरायझा वाढत नाही

प्रश्न (निफाड तालुका) : साहेब, उन्हाळ कांद्यासाठी मायकोरायझा (मुळांशी सोबत करणारी बुरशी) आणला. २०० लिटरच्या ड्रममध्ये गूळ-बेसन घालून आठ दिवस ठेवला, मग ठिबकमधून सोडला. लागणीआधी एकरी तीन बॅगा डीएपी (स्फुरद म्हणजे फॉस्फरसचं खत) टाकलाच होता. काडीचा फरक दिसला नाही. माल बोगस होता का?

उत्तर : दादा, असेलही, पण आधी ड्रमकडे बघू. गुळाच्या पाण्यात ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी वाढते, मायकोरायझा नाही. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. तिला साखर पुरवतं ते झाड. ड्रममध्ये फसफसलं ते दुसरंच काहीतरी.

मुळात शिरली की ती बाहेर मातीत केसाहून बारीक धागे सोडते. स्फुरद नत्रासारखा पाण्याबरोबर हलत नाही. मुळाला चिकटून असलेल्या एक-दोन मिलिमीटर मातीतला संपला की मूळ उपाशी, आणि चुनखडीच्या रानात तर तो चुन्याशी बांधला जातो. धागे त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटीमीटर जाऊन स्फुरद, जस्त, तांबं ओढून आणतात. कांद्याची मुळं उथळ, त्यांना केसमुळंही फारशी नसतात. म्हणून कांद्याला ही सोबत विशेष मानवते.

आता डीएपी. कांद्याला शिफारस हेक्टरी ५० किलो स्फुरदाची, म्हणजे एकरी २०. डीएपीच्या एका ५० किलोच्या बॅगेत २३ किलो असतो. तुम्ही तीन टाकल्या! दारात विहीर भरलेली असताना पाणक्या कोण ठेवील? स्फुरद मुबलक मिळाला की रोप बुरशीला मुळात थारा देत नाही. माती तपासा, मग बॅगा मोजा.

पुढच्या खेपेला मायकोरायझा रोपवाटिकेत गादीवाफ्यावरच द्या, बियाण्याच्या ओळीखाली, चाळलेल्या शेणखतात मिसळून. मुळाला लागला तरच उपयोग, वरून फवारून नाही. किती द्यायचा ते पाकिटावर बघा, प्रत्येकाची ताकद वेगळी असते. लागणीला रोपं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवायची आपल्याकडे सवय आहे; ते औषध या बुरशीलाही मारक आहे. म्हणून त्याच दिवशी दोन्ही नकोत.

प्रश्न (सिन्नर तालुका) : कोबी-फ्लॉवरला देऊ का?

उत्तर : नको, पैसे वाया जातील. कोबी, फ्लॉवर, मोहरी, बीट, पालक यांच्या मुळांशी ही बुरशी जुळत नाही. उलट कोबीवर ती वाढत नसल्यानं रानात कमी झालेली असते; म्हणून कोबीनंतर त्याच रानात कांदा घेणार असाल, तर त्या कांद्याच्या रोपवाटिकेत मात्र चुकवू नका.