सोंड तुटणारच!

लाकडावर कोरीवकाम शिकायचंय ना? मग रविवारी सांगलीत आमच्या कोरीवकामाच्या मंडळात नक्की या, पण लगेच गणपती कोरायला घेऊ नका. पहिली सोंड सगळ्यांचीच तुटते. माझी दोनदा तुटली. लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या की बारीक भाग टिकत नाही.

सध्या इतकंच:

- शिवण या झाडाच्या लाकडाचा ठोकळा घ्या. साग महाग, तो हात बसल्यावर.
- पटाश्या (कोरायच्या धारदार छिन्न्या) दोनच, एक सपाट, एक गोल. १२ नगांचा सेट धूळ खातो (माझा खातोय).
- बोथट पटाशीला जोर लागतो आणि तीच घसरून बोटात शिरते. काप चकचकीत न दिसता पांढुरका, फाटल्यासारखा दिसला की थांबा, दगडावर धार लावा.
- ठोकळा क्लॅम्पनं टेबलाला आवळा. मांडीवर अजिबात नको.

पॉलिशचं आत्ता विचारूही नका. त्यापेक्षा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चक्कर मारा. कोरताना कारागीर दिसला, तर पटाशीला पुढून आवरणारा त्याचा डावा हात बघा.