पिएझो व्हॉल्व्हच्या (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या सिरॅमिकने तेलाची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढचं प्रेशर सिम्युलेशनमध्ये अर्ध्या मिलिसेकंदात चढतं, टेस्ट बेंचवर तीन लागतात. टाइम-स्टेप कमी करू की सॉल्व्हर बदलू?

दोन्ही करून बघा, फरक पडणार नाही. स्टिफ सॉल्व्हर (अतिजलद आणि संथ बदल एकत्र असलेली समीकरणं सोडवणारा) घ्या, स्टेप व्हेरिएबल ठेवा, कमाल मर्यादा १० मायक्रोसेकंदांच्या आसपास. ओरिफिसचं, म्हणजे तेल जातं त्या बारीक छिद्राचं, वर्गमुळाचं समीकरण शून्य प्रेशर-फरकाजवळ सरळ रेषेचं करून टाका, नाहीतर सॉल्व्हर तिथेच रुतून बसेल. हे झालं तुम्ही विचारलेलं.

आता मला सांगा, स्टॅकला, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या पिएझो चकत्यांच्या थप्पीला, व्होल्टेज स्टेपमध्ये दिलंय ना? शून्यावरून थेट १५० व्होल्ट? दिलंच असणार. अगदी हेच मॉडेल भोसरीच्या एका कंपनीत मी पाहिलंय. मी टेस्टिंगला, सिम्युलेशनवाले साहेब वरच्या मजल्यावर एसीत. त्यांचं प्रेशर अर्ध्या मिलिसेकंदात वर, आमचं तीनमध्ये. आधी म्हणे सेन्सर मंद आहे. बदलला. मग म्हणे वायरिंग. तेही झालं. शेवटी साहेबांनी मॉडेलमधला तेलाचा बल्क मॉड्युलस (दाबाखाली तेल आकुंचनाला किती विरोध करतं त्याचं माप) १.५ गिगापास्कलवरून ०.२५ वर आणला. "तेलात हवा असतेच." दोन्ही आलेख एकावर एक बसले, मीटिंगमध्ये पेढे वाटायचेच काय ते राहिले.

अहो, कसली हवा? आमचं चेंबर मुळात १०० बारवर असायचं. वातावरणाच्या दाबाला दोन टक्के मोकळी हवा धरली तरी १०० बारला तिचं आकारमान शंभरपट घटतं. मॉड्युलस दोन-तीन टक्के उतरेल, एक-षष्ठांश कसा होईल? हे मी मीटिंगमध्ये बोललो, तर "डिप्लोमावाल्यांनी रीडिंग घ्यावीत" असं ऐकायला मिळालं.

मग एका गुरुवारी, एमआयडीसीला सुट्टी असताना, ड्रायव्हरच्या (स्टॅकला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) वायरला करंट प्रोब लावला. स्कोपवर करंट १ अँपियरला जाऊन सपाट! ड्रायव्हरची मर्यादाच तेवढी. डेटाशीटमध्ये स्टॅकची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) १२ मायक्रोफॅरड लिहिली होती, पण ती छोट्या सिग्नलची. पूर्ण व्होल्टेजला ती चांगलीच वाढते, आमची २० च्या घरात निघाली. स्टॅक कपॅसिटरसारखा भरावा लागतो: २० मायक्रोफॅरड गुणिले १५० व्होल्ट भागिले १ अँपियर, म्हणजे ३ मिलिसेकंद. तेलाचा काही संबंधच नाही. साहेबांना प्रिंट दाखवली. "इलेक्ट्रिकल आपल्याकडे येत नाही," म्हणाले. पुढे ड्रायव्हर बदलल्यावर तेच 'जुळलेलं' मॉडेल धडाधड चुकायला लागलं, आणि दोष अर्थातच टेस्टिंगचा.

तेव्हा मॉडेलमध्ये ड्रायव्हर करंटच्या मर्यादेसकट घाला. स्टॅकची फोर्स आणि स्ट्रोक दोन्ही कमाल धरू नका; १०० मिलिमीटरचा स्टॅक जेमतेम ०.१ मिलिमीटर हलतो, तोही लोड नसताना, आणि पूर्ण फोर्स लावतो तेव्हा हलतच नाही. त्यात १०-१५ टक्के हिस्टेरेसिस, म्हणजे व्होल्टेज चढताना आणि उतरताना हालचाल वेगळी. पाइपलाही नुसतं आकारमान समजू नका. तेलात प्रेशरची लाट सेकंदाला साधारण १३०० मीटर जाते, म्हणजे मीटरभर पाइपमध्ये जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, तुमच्या स्विचिंगच्याच मापाचं. तेलाचा वेग सेकंदाला एक मीटरने झटक्यात तोडलात तर ११ बारचा धक्का बसतो. सेन्सर व्हॉल्व्हपासून लांब असेल तर तुम्ही पाइपच मोजताय.

आणि हो, तुमचा ड्रायव्हर १०-१५ अँपियरचा असेल तर माझं निम्मं उत्तर गैरलागू. रबरी होज असेल तर मॉड्युलस खरंच बराच उतरतो, टाकीच्या बाजूला कमी प्रेशरला हवाही त्रास देते. तिथे साहेबांचं म्हणणं चाललं असतं. आमच्याकडे मात्र स्टीलची पाइप होती. तुमच्या गाइडने मॉड्युलस कमी करायला सांगितलं तर आधी करंटचा आलेख मागा. नसेल तर प्रोब लावून स्वतः काढा, तासाभराचं काम आहे.