‘तू म्हणशील तसं’

निळी फाइल टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मॅडम, कागद सगळे आहेत. फक्त जायचं की नाही तेवढं तुम्ही सांगा.”

असं म्हणणारी ती पहिली नव्हे. मी समुपदेशक आहे, आणि परदेशी जायचं की नाही या पेचात अडकलेले माझ्याकडे येतात. पूर्वी कॅनडावाले यायचे, बहुतेक इंजिनियर, लग्नाच्या उंबरठ्यावरचे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि सांगली-मिरजेत जर्मनचं वारं सुटलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळेच विचारायला लागले. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. इथल्या नर्सिंग स्टेशनवर ‘जेवलीस का?’च्या जोडीला आता ‘बी-वन झालं का?’ असंही विचारतात. बी-वन म्हणजे जर्मन भाषेची मधली पातळी; सुरुवात ए-वनपासून, आणि बी-वनच्या पुढची बी-टू. सगळे काही सरकारी योजनेतून जात नाहीत, बरेचजण एजंटामार्फत जातात. त्याकडे पुढे येतेच.

तिला स्वाती म्हणू आणि नवऱ्याला अमोल. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे.

स्वाती ३३ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग, दहा वर्षं आयसीयूत. पगार २६,००० रुपये. अमोल कुपवाड एमआयडीसीत एका सीएनसी शॉपमध्ये सुपरवायझर. मुलगी सहा वर्षांची. अमोलची आई तासगावकडच्या गावातली. बाग थोरला मुलगा बघतो आणि आई वर्षातले आठ महिने या दोघांकडे असते, कारण स्वातीच्या नाइट. ड्युटीवरून आल्यावर ऑनलाइन क्लास करून स्वाती बी-वन पास झाली होती. श्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या रुग्णालयाचं पत्रही फाइलमध्ये होतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती आधी सांगते. कागदावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहायला लावले. पगार, मुलीचं शिक्षण, निवांत म्हातारपण विरुद्ध आई, भाषा, थंडी. फायद्यांची बाजू लांब झाली. दोघं हसत गेले आणि मलाही आपण काहीतरी केलं असं वाटलं. पंधरा दिवसांनी आले ते एकमेकांकडे न बघता.

भांडण झालं होतं लग्नाच्या दाखल्यावरून. महापालिकेतून दाखल्याची प्रत आणायची होती, एजंट रोज फोन करत होता. अमोल आज जातो, उद्या जातो करत राहिला. शेवटी स्वाती म्हणाली, “नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा की हो!” आणि अमोल म्हणाला, “मी कुठं नाही म्हणतोय? तू म्हणशील तसं.”

त्या तासाभरात ‘तू म्हणशील तसं’ हे शब्द मी अमोलच्या तोंडून चार वेळा ऐकले. स्वातीचे शब्द वेगळे होते, पण गोष्ट तीच. “मला काय, मी इथंही राहीन. हे सगळं मी मुलीसाठी करतेय, यांच्यासाठी करतेय.” म्हणजे जायचं होतं ते दोघांपैकी कुणालाच नाही, आणि थांबायचंही कुणालाच नाही. दोघंही नकाराची किंवा होकाराची जबाबदारी दुसऱ्याने उचलावी म्हणून वाट बघत होते. आणि तिसरा वाटा माझ्या अंगावर टाकायला इथे आले होते. माझी ती रेघ ओढलेली यादी याच कामाला आली होती, कारण यादीने ठरवलं की कुणीच ठरवलेलं नसतं.

हे मला धोक्याचं वाटतं, आणि का ते सांगते. परदेशी गेलेल्या जोडप्यांशी मी व्हिडिओ कॉलवर बोलत असते. तिथल्या भांडणांत पैसा, थंडी, एकटेपणा हे सगळं असतं, पण शेवटी ते एका वाक्यावर येऊन थांबतं. “तुझ्यासाठी आले मी इथं.” किंवा “तुझ्यासाठी आलो.” दुसऱ्याच्या नावावर घेतलेला निर्णय ही उधारी असते आणि तिचं व्याज फार चढं. आठ वर्षांनी, रविवारच्या दुपारी, भांडी कुणी घासायची यावरून सुद्धा ते वसूल केलं जातं. न जाणाऱ्यांचंही तेच. “तुझ्या आईसाठी राहिले” हे वाक्य मी सांगलीतच जास्त ऐकलंय.

म्हणून मी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं आणि एकेक कागद दिला. ‘मला जायचं आहे, कारण’ किंवा ‘मला जायचं नाही, कारण’. अट एवढीच की कारणात मुलगी, आई, नवरा, बायको यांच्यापैकी कुणी यायचं नाही. ‘आपण’ हा शब्दही नाही.

स्वातीला वीस मिनिटं लागली. तिने लिहिलं होतं, ‘मला काम येतं. ते येतं असं कुणीतरी मानावं.’ मग तोंडाने सांगितलं की रात्री दोनला पेशंटचं बीपी पडताना ती आधी ओळखते, फोन करते, आणि सकाळी राउंडला तिच्याकडे न बघता फाइल मागतात.

अमोलचा कागद मोठा होता आणि खाडाखोडीचा. शेवटी उरलं ते असं: ‘मला जायचं नाही. इथं मशीन अडलं की मला बोलावतात. तिथं मला कोण बोलावणार?’ खाली बारीक अक्षरात, ‘हे बोलायला लाज वाटते.’

लाज का, हे वेगळं विचारायची गरज नव्हती. बायकोच्या व्हिसाच्या शेपटाला धरून जायचं, महिनोन्‌महिने भाषा येत नाही म्हणून घरी बसायचं आणि गावाकडे कुणी विचारलं तर काय सांगायचं? पुरुषांना हा प्रश्न बोलता येत नाही. मग ते दाखला आणायला उशीर करतात. गंमत अशी की नवऱ्याच्या मागे गेलेल्या कितीतरी शिकलेल्या बायकांनी हेच गिळलं आहे, आणि त्यांना कधी कुणी कागद दिला नाही.

कागद वाचून दाखवल्यावर स्वाती रडली. अमोलने नकार दिला म्हणून नव्हे. “इतके दिवस मी एकटीच ढकलत होते. आता निदान समोर माणूस तरी आहे,” असं ती म्हणाली.

यानंतरचं काम फारसं मानसशास्त्राचं नव्हतं, माहितीचं होतं. ओळखीची एक सिस्टर तीन वर्षांपूर्वी तिकडे गेली होती. तिला ‘कसं आहे?’ असं विचारायचं नाही, असं मी स्वातीला बजावलं. या प्रश्नाला माणूस कायम ‘मस्त’ म्हणतो किंवा रडतो. त्याऐवजी विचारायचं, ‘कालची ड्युटी तासातासाने सांग.’ ही युक्ती देश कुठलाही असो, करून बघावी.

उत्तर असं आलं. सकाळी सहाला हजर. सात-आठ पेशंट, त्यांची अंघोळ, दात, डायपर, भरवणं, सगळं नर्सनेच करायचं. तिथे मावशी नाहीत आणि पेशंटजवळ बसलेला नातेवाईकही नाही. म्हाताऱ्या पेशंटांची बोली क्लासातल्या जर्मनपेक्षा इतकी वेगळी की पहिले सहा महिने ती नुसती मान हलवायची. रविवारी दुकानं बंद. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार. आणि पहिलं दीड वर्ष ती कागदावर नर्स नव्हतीच. आपली पदवी तिथलं कार्यालय तपासतं आणि काय कमी आहे त्याचं पत्र देतं. ती कमी एकतर देखरेखीखाली काम करून भरून काढायची, नाहीतर परीक्षा द्यायची, आणि बी-टू पर्यंतची भाषा हवी. ते होईपर्यंत मदतनीस म्हणून काम आणि पगारही त्याच हिशोबाचा. हातात येतो तो आकडा कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून येतो. एजंटाच्या पत्रकावर छापलेला असतो तो कापण्याआधीचा.

मग सांगता सांगता ती म्हणाली होती, “पण डॉक्टर राउंडला येतात आणि विचारतात, तुला काय वाटतं?”

अंघोळ-डायपरचं स्वातीला काही वाटलं नाही. डॉक्टरांचा प्रश्न मात्र तिने मला दोनदा सांगितला.

एजंटाचं थोडक्यात. त्याने अडीच लाख मागितले होते, निम्मे आधी. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. अमोलने नाव शोधलं, सापडलं नाही. त्याने स्वतः फोन करून त्या माणसाला उडवून लावलं. मला ते फार आवडलं, कारण या साऱ्या प्रकरणात ज्याला जायचं नाही असा माणूस पहिल्यांदाच काहीतरी करत होता. नंतर स्वातीने अशी वाट शोधली जिथे खर्च रुग्णालय करतं. केरळ सरकारची संस्था नॉर्का जर्मन सरकारी यंत्रणेबरोबर अशाच तत्त्वावर नर्स पाठवते, हे तिला तिच्या मल्याळी सहकारी सिस्टरकडून कळलं होतं. “त्यांना फुकट आणि आम्हाला अडीच लाख का?” असं तिने विचारलं तेव्हा मला तिची आयसीयूतली बाजू दिसली.

राहिली आई. दोघांच्याही बोलण्यात ती सतत होती. आईचं काय होणार, आईला शुगर आहे, आईला कळलं तर. मी म्हटलं, त्यांनाच घेऊन या.

आई आल्या, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, मला कुणी इचारलंच न्हाई. मी आजारी पडीन म्हणून ह्यांनी थांबायचं, म्हंजी मी आजारी पडायचीच वाट बघायची की वो!”

अमोल खाली बघत होता. आई पुढे म्हणाल्या, “थोरला हाय, डाक्टर हाय, गावात मानसं हायती. मला एवढंच सांगा, ही पोरगी तिकडचीच हुनार का?”

हा प्रश्न खरं तर अमोलचाही होता. गेलं की कायमचं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. तसं नसतं. कुशल कामगाराला तिथे काही वर्षांनी, सध्याच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांनी, कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि त्यात भारतीय पासपोर्ट राहतो. नागरिकत्व ही फार पुढची आणि वेगळी पायरी. जर्मनीने २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली असली तरी भारत ते मानत नाही, म्हणून तिथलं घेतलं की इथलं जातं आणि हाती ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, उरतं. आईला कायमचं तिकडे नेणं मात्र अवघड, वयस्कर माणसाचा आरोग्यविमा हीच मोठी अडचण. भेटीचा व्हिसा सहा महिन्यांत ९० दिवस राहू देतो.

“तीन म्हैने बास झाले,” आई म्हणाल्या. “बेदाण्याचा हंगाम सोडून कवाबी यीन.” नातीला सांभाळायचीही त्यांची तयारी होती, पण अट घातली. “हिनं फोन करताना रडायचं न्हाई. ही रडली की पोरगी रडती, आन् माझी भाकरी करपती.”

शेवटी ठरलं ते असं. स्वाती एकटी जाणार. अमोलने मागून येतो असं वचन द्यायचं नाही. स्वातीला नर्स म्हणून मान्यतेचा कागद मिळाला की अमोल नोकरी न सोडता, रजा काढून महिनाभर तिथे राहून येणार आणि मग दोघं परत बसणार. तोपर्यंत ‘येणार का?’ हा प्रश्न फोनवर विचारायचा नाही. ‘पाच वर्षांत परत येऊ’ असंही म्हणायचं नाही. ते पाच वर्षांचं वाक्य आपल्या ओळखीच्या प्रत्येक परदेशस्थ घरात कधीतरी म्हटलं गेलंय. त्याऐवजी काय झालं तर परत यायचं, हे स्वातीने लिहून ठेवलं. त्यातली पहिली ओळ मुलीची होती.

मुलीबद्दल मी स्पष्ट बोलले. सहा वर्षांच्या लेकराला आई वर्ष-दीड वर्ष समोर नसणं ही लहान गोष्ट नाही, मला ती पसंतही नव्हती, आणि तसं मी सांगितलं. पण निर्णय माझा नव्हता. शाळेच्या वेळी रोज पोट दुखणं, रात्री दचकून उठणं यावर लक्ष ठेवा म्हटलं. आणि ‘आई कधी येणार?’ हे विचारायचं तिने अचानक बंद केलं, तर ती शहाणी झाली असं समजू नका, माझ्याकडे घेऊन या.

तिने बंद केलं नाही. रोज विचारते. स्वाती जाऊन चौदा महिने झालेत. बी-टू झालं, मान्यतेची परीक्षा पहिल्या वेळी नापास झाली, दुसऱ्यांदा बसणार आहे. नापास झाली त्या रात्री तिने पहिला फोन सासूला केला आणि रडायची परवानगी मागितली, असं आईंनीच मला सांगितलं.

अमोल मागच्या आठवड्यात एकटाच आला होता. हातात ए-वनचं पुस्तक. मी पुस्तकाकडे बघितलं तसा तो घाईने म्हणाला, “जायचं काही ठरलेलं नाही हां मॅडम. पण पोरीला फोनवर आईकडून शंभरपर्यंत अंक आलेत जर्मनमध्ये, आणि चुकलं की मलाच हसते.”